रिकाम्या खोक्यातला डोंगर

युद्धखेळाच्या मेजावर दोन सैन्ये समोरासमोर मांडली आणि मधली जागा मोकळी सोडली, तर खेळ लवकरच केवळ बेरीज-वजाबाकीचा होतो. ज्याच्याकडे तोफा अधिक, त्याची सरशी ठरलेली. मध्ये एक टेकडी, एक ओढा आणि झाडीचा एक दाट पट्टा आला की हाच हिशेब बदलतो. टेकडीमागचे पथक शत्रूला दिसत नाही, ओढ्यापाशी घोडदळ मंदावते, झाडीतले मूठभर शिपाई मोठ्या फौजेला थोपवून धरतात. १६५९ साली जावळीच्या अरण्याने आणि प्रतापगडाच्या उताराने काय साधले, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्याचे बळ थोडे, त्याला भूमीचा आधार लागतो. मेजावरच्या लढाईतही तेच खरे आहे.

बोटभर उंचीच्या मूर्ती, फुटपट्टी आणि फासे घेऊन खेळला जाणारा हा खेळ इंग्लंड-अमेरिकेत रुजला आणि आता भारतातील मोठ्या शहरांतही त्याचे काही खेळाडू आहेत. मूर्ती मुळातच महाग. त्या घेऊन झाल्यावर मुलगा तयार डोंगर, तयार झाडे आणि तयार पडकी घरे यांची यादी पुढे करतो, तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. ही यादी पुरी करावी की नाकारावी, याचा विचार करताना या खेळाचा दोनशे वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो. चांगली रणभूमी बहुतेक वेळा घरातल्या उरल्यासुरल्या वस्तूंतूनच उभी राहिली आहे, असे तो इतिहास सांगतो.

प्रशियातील ब्रेस्लाउ नगरात गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइस्विट्झ नावाचे एक गृहस्थ होते. सैन्याच्या हालचालींचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी एक खेळ रचला आणि त्याची भूमी प्रथम ओल्या वाळूची केली. डोंगर हाताने दाबून उभा करायचा, नदी बोटाने ओढायची. पुढे राजे फ्रेडरिक विल्यम तिसरे यांनी खेळ पाहण्याची इच्छा दर्शवली. राजासमोर वाळू कशी न्यावी, या संकोचाने राइस्विट्झ यांनी एक देखणे मेज घडवले. त्यात खण होते आणि रंगवलेल्या प्लास्टरच्या चौकोनी फरश्या होत्या. त्या हव्या तशा जुळवल्या की निरनिराळे प्रदेश तयार होत. १८१२ साली हे मेज राजाला सादर झाले. राजघराण्याला ते फार आवडले, परंतु तसे मेज प्रत्येक छावणीत पोहोचणे शक्य नव्हते. १८२४ साली त्यांच्या लष्करी अधिकारी पुत्राने प्लास्टर बाजूला ठेवले आणि एकास आठ हजार प्रमाणाचा कागदी नकाशा पसरला. त्यानंतर तो खेळ प्रशियाच्या सैन्यात सर्वत्र गेला. पित्याचे काम अधिक सुंदर होते, पण पुत्राचे काम कोणालाही परवडण्याजोगे होते. खेळ पसरला तो त्यामुळे.

‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१-८२चा हिवाळा स्वित्झर्लंडमधील दावोस येथे प्रकृतीच्या कारणाने काढला. तेथे घराच्या माळ्यावर ते आपल्या सावत्र मुलाबरोबर, लॉइड ऑसबर्नबरोबर, खेळण्यातल्या शिपायांच्या मोहिमा चालवीत. माळ्याची फरशी हाच त्यांचा देश होता. रंगीत खडूंनी तिच्यावर पर्वत, नद्या, पूल, गावे, दलदली, चांगले आणि वाईट रस्ते रेखलेले असत. वाईट रस्त्यावर सैन्य हळू चालणार, हे दोघांनी मान्य केले की खडूची रेघ पुरे होई.

एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध झाले आणि या छंदाचे ते आद्य पुस्तक मानले जाते. वेल्स यांच्या घरी प्रारंभी जाडजूड ग्रंथ आडवे ठेवून डोंगर केले गेले. पुढे लाकडी ठोकळे आले, फळ्यांवर फळ्या रचून टेकड्या झाल्या, झाडांच्या डहाळ्या खोचून वने उभी राहिली आणि जमिनीवर खडूने नद्या वाहू लागल्या. त्या काळातले ते नावाजलेले लेखक. खेळण्यांवर पैसे खर्च करणे त्यांना अशक्य नव्हते. तरीही त्यांनी विकत घेतले ते मुख्यतः शिपाई आणि तोफा. भूमी त्यांनी घरातच शोधली.

या छंदाचा मोठा व्यापार उभा राहिला तो त्यानंतर कित्येक दशकांनी, आणि त्या व्यापाऱ्यांनाही ही परंपरा ठाऊक होती. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा आज जगभर विकला जाणारा खेळ १९८७ साली प्रथम बाजारात आला. त्या सुरुवातीच्या काळात त्याच्या प्रकाशकांच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करावा, याची कृती छापली होती. आज तीच बाजारपेठ साच्यातून काढलेले डोंगर आणि भग्न इमारती सुबक पेट्यांतून विकते. त्या वस्तू वाईट नाहीत. मात्र प्रत्येक मेजावर तीच इमारत उभी राहते, आणि तिच्या खिडक्या किती उंच असाव्यात हा प्रश्न मुलाच्या मनात उगवतच नाही.

म्हणून खरेदीपूर्वी घराची एक फेरी करावी. सर्वांत सोपी रणभूमी म्हणजे हिरवी किंवा मातकट चादर. मेजावर पुस्तके मांडून वर चादर पसरली की डोंगररांग तयार होते आणि खेळ संपल्यावर दोन्ही वस्तू आपापल्या जागी जातात. पुढची पायरी दुकानातल्या आणि घरातल्या खोक्यांची. पन्हळी पुठ्ठ्याचे लहान होत जाणारे थर एकावर एक चिकटवले की पायऱ्यांची टेकडी होते. सलग उतारावर मूर्ती घसरतात, पायरीवर त्या स्थिर उभ्या राहतात, म्हणून पायऱ्याच बऱ्या. त्याच पुठ्ठ्याचा वरचा कागद पाण्याचा हलका हात लावून सोलला की आतली पन्हळ उघडी पडते. तिला करडा आणि गंजाचा रंग दिला की पत्र्याचे छप्पर झाले. मिक्सर किंवा दूरदर्शन संचाच्या वेष्टनातून आलेल्या थर्माकोलचे कडे आणि पडक्या भिंती होतात.

झाडाझुडपांसाठी स्वयंपाकघर आणि परसदार पुरेसे आहे. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे हिरवे रंगवले की कुंपणाची झुडपे होतात. काथ्याच्या जुन्या पायपुसण्याचे चौकोनी तुकडे पिकल्या गव्हाच्या शेतासारखे दिसतात. वापरलेली चहापूड धुऊन उन्हात कडकडीत वाळवली की झाडाखालचा पालापाचोळा होतो. सुताराकडचा लाकडाचा भुसा पाण्यात कालवलेल्या हिरव्या रंगात भिजवून वाळवला की गवत होते. हिरव्याच्या दोन-तीन छटा मिसळल्या तर ते अधिक खरे वाटते. निकामी वायरमधल्या तांब्याच्या तारा एकत्र पिळून वरची टोके पसरली की खोड आणि फांद्या तयार होतात. झाडावरची डहाळी तोडण्याची आवश्यकता नाही, खाली पडलेली वाळकी काडी अधिक टिकते.

वस्तू गोळा झाल्या तरी दोन गोष्टी साधाव्या लागतात, आणि त्यांना पैसा नव्हे तर लक्ष लागते. पहिली प्रमाणाची. या खेळातली प्रचलित मूर्ती सुमारे २८ मिलिमीटर उंच असते. तिच्या पायाखालची बैठक धरली तर घराचे दार साधारण ४ सेंटिमीटरचे हवे. दार ७ सेंटिमीटरचे झाले की शिपाई बालक दिसू लागतो. मोजमापाचा संशय आला की मूर्ती शेजारी उभी करून पाहावी. दुसरी गोष्ट रंगाची. आधी संपूर्ण वस्तूला गडद रंग द्यावा. तो वाळल्यावर फिकट रंगात बुडवलेला कुंचला कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून उंचवट्यांवरून अलगद फिरवावा. खाचांत काळोख राहतो, कडांवर ऊन पडते आणि थर्माकोलचा तुकडा दगड भासू लागतो.

काटकसर कुठे करू नये, हेही जाणून घ्यावे. चांगला डिंक, धारदार पाते आणि एक बरा कुंचला यांत कसर केली तर फुकट मिळालेला माल वाया जातो. बोथट पात्याने थर्माकोल फाटतो आणि त्याचे मणी घरभर उडतात. कापण्याचे काम मोठ्या खोक्याच्या आत, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली व्हावे. फवाऱ्याच्या डबीतला रंग थर्माकोलवर थेट मारू नये, त्यातल्या द्रावणाने थर्माकोल विरघळतो. आधी डिंक आणि पाण्यात मिसळणारा रंग यांचा एक थर द्यावा. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला डिंक लावला की वाळताना तो वाकतो, म्हणून दोन्ही बाजू रंगवाव्यात आणि वर वजन ठेवावे. ओलसर राहिलेल्या चहापुडीला बुरशी धरते. आणि गोदामाचे भाडे भरणाऱ्याला जी गोष्ट सांगावी लागत नाही, ती मुलाला सांगावी लागते: ठेवण्याची जागाही किमतीत धरायची असते. प्लास्टरचा अखंड पर्वत जड होतो, कोपरे उडतात आणि माळा अडवतो. एकात एक बसणारे पुठ्ठ्याचे थर एका खोक्यात मावतात.

यापुढे एक अवघड प्रश्न उरतो. ज्या घरात मुंगीलाही जपून पाऊल टाकण्याचे संस्कार होतात, तेथे युद्धाचा खेळ हवाच कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेल्स यांनाही तो टाळता आला नव्हता. आपल्या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा की खऱ्या युद्धाच्या तुलनेत हे छोटे युद्ध कितीतरी बरे, कारण येथे कोणाचे घर जळत नाही आणि कोणाचा मुलगा मरत नाही. पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच, १९१४ साली, युरोपात महायुद्ध पेटले. तेवढ्या उत्तराने सर्वांचे समाधान होईल असे नाही, आणि व्हावे असेही नाही. पण भूमी कोणत्याच पक्षाची नसते. याच वेल्स यांचे १९११चे ‘फ्लोअर गेम्स’ हे पुस्तक त्याच फळ्या आणि ठोकळ्यांतून बेटे आणि नगरे वसवण्याविषयी आहे. ज्या टेकडीमागे सैन्य लपते, तिच्याच पायथ्याशी बाजारपेठ, रेल्वेचे स्थानक किंवा पणजोबांच्या काळातली पेढी उभारता येते. कोणता खेळ मांडायचा हे घराने ठरवावे. डोंगर करण्याची कला दोन्हीकडे एकच आहे.

महाराष्ट्रातल्या मुलांना ही कला परकी नाही. दिवाळीत अंगणात किल्ला होतो तेव्हा विटा आणि दगड रचले जातात, चिखलात बुडवलेले गोणपाट त्यांच्यावर पसरले जाते, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवली जाते. बाजारातून येतात ते मातीचे मावळे आणि सिंहासनावरचे महाराज. गड विकत आणावा, असे पूर्वी कोणाच्या मनात येत नसे. आता तयार किल्लेही मिळू लागले आहेत. ते आणले की अंगण स्वच्छ राहते आणि संध्याकाळ मोकळी राहते, पण बुरूज ढासळला का आणि पुन्हा कसा रचायचा, हे आजोबा आणि नातू यांनी मिळून शोधण्याची वेळ येत नाही.

तेव्हा मुलाने यादी पुढे केली की ती फाडू नये आणि लगेच पुरीही करू नये. दुकानात नवा माल मागवण्यापूर्वी शिल्लक मोजतात, तीच रीत येथे लावावी. एक आठवडा बाहेरून काहीही आणायचे नाही, घरात जे आहे त्यातून एक टेकडी, एक घर आणि पाच झाडे करायची, एवढीच अट घालावी. आठवडा संपल्यावर त्याला नवी यादी करायला सांगावे. ती बहुधा आखूड असेल आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू कशासाठी हवी, हे त्याला सांगता येईल. त्या यादीवर खुशाल खर्च करावा.