विश्लेषण : आईल ऑफ मॅनचे वरिष्ठ सभागृह आजही लोकनियुक्त का नाही?

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आईल ऑफ मॅन नावाचे छोटे बेट आहे. क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या ८४ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याहूनही कमी माणसे. तरीही या बेटाला स्वतःची संसद आहे, स्वतःचे करकायदे आहेत आणि संसदेला दोन सभागृहे आहेत. मालमत्ताधारक महिलांना मताधिकार देणारा कायदा इथे १८८१ मध्येच झाला आणि २००६ मध्ये मतदानाचे वय १६ वर आले. मताधिकाराच्या बाबतीत एवढ्या पुढे असलेल्या बेटाचे वरिष्ठ सभागृह मात्र लोक निवडत नाहीत. ते लोकनियुक्त करण्याचे प्रयत्न झाले आणि फसलेही.

ही संसद चालते कशी?

आईल ऑफ मॅन ब्रिटनचा भाग नाही. ते ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीतले स्वशासित बेट आहे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटन पाहतो, बाकी बहुतेक कारभार बेटाची संसद पाहते. या संसदेचे नाव टिनवॉल्ड. कनिष्ठ सभागृह म्हणजे ‘हाऊस ऑफ कीज’. त्याचे २४ सदस्य १२ मतदारसंघांतून, प्रत्येकी दोन, थेट लोकांमधून निवडून येतात.

वरिष्ठ सभागृह म्हणजे ‘लेजिस्लेटिव्ह कौन्सिल’, ११ जणांची विधान परिषद. त्यात टिनवॉल्डचे अध्यक्ष, बेटाचे बिशप आणि अ‍ॅटर्नी जनरल हे पदसिद्ध सदस्य. उरलेल्या आठ जणांना कीजचे २४ सदस्य निवडतात. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ पैकी ३० जागा आमदारांच्या मतांवर भरल्या जातात, तसेच काहीसे. फरक इतकाच की आपल्याकडे पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक संस्थांचे मतदारसंघही आहेत. तिथे निवडीचा हा एकच दरवाजा आहे.

दोन्ही सभागृहे कायदे वेगवेगळे बसून करतात, पण धोरण आणि करविषयक ठरावांसाठी एकत्र बसतात. कर भरणाऱ्याने ज्यांना कधी मत दिलेले नाही, असे लोक कराच्या ठरावावर मत देतात. वादाचे मूळ इथे आहे.

लोकांचा आक्षेप नेमका काय होता?

कित्येक वर्षे विधान परिषद म्हणजे कीजमधल्या ज्येष्ठांची बढती होती. पुन्हा लोकांसमोर जायचे नसलेला सदस्य सहकाऱ्यांच्या मतांवर वर जाई आणि त्याच्या जागी पोटनिवडणूक लागे. २४ जणांच्या सभागृहात १३ मते जमवण्याचा हा खेळ असल्याने कधीकधी मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या होत.

डोनाल्ड गेलिंग यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९९६ ते २००१ या काळात ते मुख्यमंत्री होते. त्यानंतर ते विधान परिषदेत गेले. डिसेंबर २००४ मध्ये रिचर्ड कॉर्किल यांनी राजीनामा दिल्यावर ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. या वेळी बेटाचा कारभारी असा होता, ज्याला त्या सभागृहात लोकांनी पाठवलेले नव्हते. गेलिंग यांच्या योग्यतेबद्दल वाद नव्हता. प्रश्न असा होता की पसंत नसलेला मुख्यमंत्री मतदारांनी हटवायचा कसा?

मग सुधारणा का फसली?

२००० च्या दशकात क्विंटिन गिल यांच्यासारख्या कीज सदस्यांनी परिषद थेट निवडणुकीने भरण्यासाठी विधेयकाचा मार्ग धरला. मागणी साधी होती आणि तिच्याविरुद्ध उघडपणे बोलणे अवघड. तरीही तिचा कायदा होऊ शकला नाही.

सोपे उत्तर असे की वरिष्ठ सभागृहाने आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला नकार दिला. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. परिषदेला आता कायमचा नकाराधिकार नाही. ती विधेयक लांबवू शकते. कीजने एकदिलाने आणि चिकाटीने ठरवले असते तर वाट निघाली असती. तो एकदिलपणाच कधी दिसला नाही.

त्याला कारण आहे. आठ जागा भरण्याचा अधिकार कीजच्या हाती आहे आणि असा अधिकार कोणी सहज सोडत नाही. शिवाय त्यातल्या एखाद्या जागेवर उद्या आपणच असू, हा हिशेबही असतोच.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. थेट निवडणूक घ्यायची तर मतदारसंघ कोणते? त्याच १२ मतदारसंघांतून घेतली तर कीजचीच दुसरी प्रत तयार होईल. संपूर्ण बेट एकच मतदारसंघ केला, तर परिषदेच्या सदस्यामागे साऱ्या बेटाचा कौल असेल आणि कीजच्या सदस्यामागे सरासरी सात हजार लोकांच्या एका मतदारसंघाचा. मग वाद झाल्यावर कोणी कोणापुढे नमायचे? आज परिषद माघार घेते, कारण ‘आम्हाला लोकांनी निवडले आहे’ हे वाक्य कीजच उच्चारू शकते.

लिस्वेन समितीने काय सुचवले?

खरे तर समिती नव्हतीच. एका माणसावर काम सोपवले होते. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे माजी मुख्य सचिव लॉर्ड लिस्वेन यांनी २०१६ मध्ये अहवाल दिला. थेट निवडणुकीची शिफारस त्यांनी केली नाही. कीजचे श्रेष्ठत्व टिकले पाहिजे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. परिषदेचे सदस्य कीजनेच निवडावेत, पण स्वतःमधून निवडू नयेत. परिषदेने कराच्या बाबतीत मत देऊ नये. तिच्या सदस्यांनी शक्यतो मंत्री होऊ नये, कायद्यांची छाननी करावी, अशी त्यांची दिशा होती.

छाननीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. इतक्या छोट्या संसदेत बहुतेक सदस्यांकडे मंत्रिपद किंवा एखाद्या खात्यातली जबाबदारी असते. सरकारला प्रश्न विचारायला सरकारबाहेर फारसे कोणी उरतच नाही.

अहवालानंतर काय बदलले?

सगळे स्वीकारले गेले नाही, पण चित्र हलले. २०१८ मध्ये पाच जागांवर चार महिला निवडून आल्या आणि चौघीही कीजबाहेरच्या होत्या. २०२१ मध्ये मुख्यमंत्री अल्फ्रेड कॅनन यांची निवड फक्त कीजने केली. गेलिंग यांच्या काळातला पेच त्यामुळे बराच सैल झाला.

निवडीचा अधिकार मात्र होता तिथेच राहिला. गंमत म्हणजे एकेकाळी कीज स्वतःही लोकनियुक्त नव्हते. जागा रिकामी झाली की सदस्यच दोन नावे सुचवत आणि गव्हर्नर त्यातले एक निवडत. १८६४ मध्ये ‘आईल ऑफ मॅन टाइम्स’चे संपादक जेम्स ब्राउन यांनी या सभागृहावर कडक टीका केली, तेव्हा कीजने त्यांना अवमानाबद्दल सहा महिन्यांसाठी तुरुंगात पाठवले. लंडनच्या न्यायालयाने त्यांना सोडवले आणि पुढे ५०० पौंडांहून अधिक भरपाईही मिळाली. या प्रकरणाने सभागृहाची अब्रू गेली. त्यातच बेटाला आपल्या जकातीच्या उत्पन्नावर अधिक ताबा हवा होता आणि गव्हर्नर लॉक यांनी त्याची सांगड निवडणुकीशी घातली. १८६७ मध्ये कीजची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. परिषदेच्या बाबतीत असा बाहेरचा रेटा कधी आला नाही. हातात काही पडणार असेल तरच सभागृहे अधिकार सोडतात. इथे सोडण्याच्या बदल्यात मिळण्यासारखे काही नव्हते.

दरवर्षी ५ जुलैच्या सुमारास सेंट जॉन्स गावच्या टेकडीवर टिनवॉल्ड उघड्यावर भरते. नवे कायदे मॅन्क्स आणि इंग्रजीत पुकारले जातात आणि सामान्य माणूस तिथे आपले गाऱ्हाणे लेखी देऊ शकतो. टेकडीवर बसलेल्या परिषद सदस्यांपैकी एकालाही त्याने मत दिलेले नसते.

वाट उलट्या दिशेने मात्र खुली झाली आहे. २०२१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत केट लॉर्ड-ब्रेनन आणि जेन पूल-विल्सन या परिषदेच्या दोन सदस्य लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि जिंकून कीजमध्ये गेल्या. त्यांच्या परिषदेतल्या जागा भरण्याचे काम अर्थातच कीजकडे आले.