कळपातला काळा, तांबूस आणि पांढरा



हरभऱ्याच्या रानात पहाटे कळप उतरला की बांधावर एक वाद ठरलेला असतो. एक म्हणतो, "काळवीट एकच होतं, बाकी साधी हरणं." दुसरा म्हणतो, "दोन जाती एकत्र चरत होत्या." पाहिले दोघांनीही नीट, पण जात एकच असते. रंगावरून जात ठरवली की फसगत होते, आणि तिची किंमत कधी मुक्या जिवाला, तर कधी आपल्याला मोजावी लागते.

बोलताना आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. चितळ, सांबर यांची शिंगे फाटे फुटलेली असतात व ठराविक काळाने गळून पुन्हा येतात, ते सारंग. काळवीट, चिंकारा यांची शिंगे जन्मभर टिकतात, ते कुरंग. आपल्या माळरानावरचे कळप बहुधा काळविटांचे. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य 1980 साली त्यांच्यासाठीच राखले गेले.

काळविटाचे पाडस नर असो वा मादी, फिकट तपकिरीच असते. मादीचा रंग जन्मभर तसाच राहतो. नराची पाठ मात्र दोन-तीन वर्षांनंतर गडद होऊ लागते आणि पूर्ण वाढलेला नर काळाभोर दिसतो. पोट आणि डोळ्यांभोवतीचे कडे पांढरेच राहतात. म्हणजे कळपातली बिनशिंगी तांबूस जनावरे माद्या व पाडसे, शिंगांची तांबूस ती तरुण नर, आणि काळा तो कर्ता नर.

हा काळा रंगही कायमचा नव्हे. पावसाळ्यानंतर नवे केस येतात, हिवाळ्यात रंग गर्द होतो आणि उन्हाळ्यात पुष्कळदा फिका पडतो. मार्गशीर्षात काळा दिसलेला नर चैत्रात तपकिरी दिसला, तर तो दुसरा समजू नये. नराच्या अंगातल्या संप्रेरकांशी या रंगाचा संबंध आहे. आपल्या गोठ्यातलेच पाहा ना! खिल्लार वासराच्या डोक्यावर जन्मताना तांबूस झाक असते, ती काही महिन्यांत जाते. आणि वळूच्या अंगावर गाईपेक्षा गडद छटा असते. त्याला आपण वेगळी जात म्हणत नाही.

विदर्भातल्या रोह्याचेही असेच. मादी व लहान नर बदामी-तपकिरी, वयात आलेला नर निळसर करडा. कान्हाच्या जंगलातला बारशिंगा हिवाळ्यात तपकिरी, तर उन्हाळ्यात तांबूस होतो.

राहिला पांढरा. कधीतरी शुभ्र हरीण दिसले की कोणी त्याला देवाचे म्हणतो, कोणी अपशकुनी. खरे कारण रक्तात असते. दोन्ही तपकिरी आईबापांत पांढरेपणाचा गुण दडलेला असला, तर त्यांच्या दर पिल्लामागे चारात एक असा पांढरे होण्याचा संभव असतो. डोळे गुलाबी असतील तर अंगात रंगद्रव्यच नाही. डोळे काळेभोर असून केस पांढरे असतील तर प्रकार निराळा. उघड्या माळावर असे पिल्लू लांडग्याला लांबूनच दिसते, म्हणून फारसे जगत नाही. पण संरक्षण मिळाले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका येथे 1941 साली लष्करी कोठाराला कुंपण पडले आणि काही हरणे आत अडकली. पुढे त्यांत पांढरी पिल्ले दिसू लागली. त्यांना मारू नये असा हुकूम निघाला, आणि पांढऱ्यांची संख्या शेकड्यात गेली. जात मात्र तीच, बाहेरच्या तपकिरी हरणांची.

कायदाही रंग पाहत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. काळे, तांबूस, पांढरे, सगळे त्यात आले. शिकारीला किमान 3 ते कमाल 7 वर्षे कैद होते. "ते काळवीट नव्हतं, साधं हरीण होतं" ही सबब चालत नाही.

नुकसान होते, हे मी नाकारत नाही. रात्रीतून हरभऱ्याचे शेंडे खुडले जातात, तेव्हा पोटात गोळा येतोच. पण तारेत वीज सोडू नका. त्या तारेला आपलाच माणूस चिकटतो. उशीर न करता वनविभागाच्या कार्यालयात अर्ज द्या, पंचनामा करून घ्या आणि भरपाई मागा.

शेवटची गोष्ट घरातल्या मुलांना जरूर सांगा. पाडसाचा मातकट रंग म्हणजे त्याचे पांघरूण. आई त्याला गवतात किंवा पिकात निजवून चरायला जाते, आणि ते हालचाल न करता पडून राहते. काढणीच्या वेळी असे पाडस सापडले तर ते पोरके समजून घरी आणू नका. हात न लावता दूर व्हा, तेवढी सरी शेवटी कापा, कुत्री बांधून ठेवा. माणसांची चाहूल थांबली की आई परत येते.