पोलिसांच्या मोबाईलचा आणि मनाचा प्रश्न

मंडळी, जरा आठवा. २ ऑगस्ट २०१६, सावित्रीचा पूल. २८ जुलै २०१८, आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाची बस, तीस माणसं गेली. २०२० मध्ये तारिक गार्डन. २०२१ मध्ये तळिये, आणि पोलादपुरात केवनाळे, साखर सुतारवाडी. ट्रेकर आले, एनडीआरएफ आली, मंत्री आले, परत गेले. मृतदेहांचे पंचनामे करायला, नातेवाईकांना सामोरं जायला उरले आपले पोलीस. त्यांनी ते सगळं मनात कुठे ठेवलं असेल?

आता दुसरी बाजू. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. झडती-जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. म्हणजे हवालदाराच्या हातातला मोबाईल आता पुराव्याचं साधन झाला. आणि लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाईल पोलिसाचा मोबाईल आहे म्हणून थांबत नाही! रात्रभर बंदोबस्त करून आलेला माणूस पहाटे काय उघडतो, काय पुढे पाठवतो, याचं भान कितीसं राहणार? म्हणून माझ्या मते माहितीची सुरक्षा आणि मनाची ताकद हे दोन विषय वेगवेगळे शिकवून चालणार नाही. अपघातातल्या मृतदेहाचा एक फोटो ग्रुपवर फिरला, की घरच्यांना निरोपाआधी तोच दिसतो.

आयगॉट कर्मयोगीवर ऑनलाईन कोर्स आहेत, चांगली गोष्ट. पण एकट्याने व्हिडिओ बघून सर्टिफिकेट घेणं वेगळं आणि एकमेकांकडून शिकणं वेगळं. अलिबाग इथून शंभर किलोमीटरच्या पुढे, दर वेळी तिकडे कोण जाणार? महाड शहर, महाड तालुका, एमआयडीसी, पोलादपूर ही चार ठाणी आठवड्यातून तासभर ऑनलाईन जोडा. घाटापलीकडचं महाबळेश्वरही घ्या, आंबेनळीत दोघांनाही उतरावं लागतं. सोबत एक सायबरवाला आणि एक समुपदेशक. तळियेत काम केलेल्या हवालदाराने नव्या पोराला सांगावं, पहिले चार दिवस झोप कशी लागत नाही ते. १९३० वर तक्रार लगेच का नोंदवायची, हेही त्याच तासात.

दोन अटी मात्र हव्यात. हा तास ड्युटीत धरायचा, सुट्टीत नाही. आणि तिथे बोललेलं साहेबांच्या कानावर किंवा सेवापुस्तकात जाता कामा नये, नाहीतर कोण तोंड उघडेल?

मनुष्यबळ कमी आहे, हे उत्तर येणारच. म्हणूनच तर आहेत तेवढे धड राहायला हवेत. आपल्या आमदारांनी आणि पोलीस अधीक्षकांनी पावसाळ्याआधी निदान चार ठाण्यांवर सुरुवात करून दाखवावी. तुमच्या घरात कुणी खात्यात असेल तर त्यांना विचारून खाली लिहा, त्यांना काय वाटतं. नाव नको.