गोर यांनी अर्ज भरावा

अमेरिकेचं राजकारण : साप्ताहिक सदर
न्यू जर्सी, ऑक्टोबर 2007

शुक्रवारी, 12 ऑक्टोबरला, ऑस्लोहून शांततेच्या नोबेलची घोषणा झाली. निम्मा पुरस्कार माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांना आणि निम्मा संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीला. या समितीचे अध्यक्ष आपले राजेंद्र पचौरी. त्याच्या दोनच दिवस आधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात झळकली होती. गोर यांना लिहिलेलं ते खुलं पत्र होतं आणि त्यात एकच विनंती होती : राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरा. स्वयंसेवकांनी राज्याराज्यांतून गोळा केलेल्या लाखाहून अधिक सह्या त्या पत्रामागे आहेत.

गोर यांचं उत्तर वर्षभर तेच आहे. निवडणूक लढवण्याचा बेत नाही, असं ते म्हणतात. पण कधीच लढवणार नाही, असंही ते म्हणालेले नाहीत. तेवढ्या एका गोष्टीवर इथल्या अनेकांची आशा टिकून आहे आणि त्यांत मीही आहे.

त्यांनी उभं राहावं म्हणून गळ घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना 2000 सालच्या निवडणुकीचा हिशेब चुकता करायचा आहे. तो संताप मला कळतो. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा 5,43,895 मतं जास्त पडली होती. फ्लोरिडात ते 537 मतांनी मागे राहिले आणि 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणीचं दार बंद केलं. पाम बीच काउंटीतल्या त्या गोंधळात टाकणाऱ्या मतपत्रिकेवर कितीतरी मतदारांनी भलत्याच नावासमोर भोक पाडलं होतं, हे आठवलं की अजूनही हळहळ वाटते. तरीही, एकदा अन्याय झाला म्हणून कुणाला राष्ट्राध्यक्ष करावं, हे मला पटत नाही. नुकसानभरपाई म्हणून हे पद देता येत नाही.

मला गोर हवेत, त्याचं पहिलं कारण त्याच निवडणुकीच्या अखेरच्या दिवशीचं आहे. इथे उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. त्यामुळे 6 जानेवारी 2001 रोजी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत निर्वाचक मतांची मोजणी गोर यांच्याच देखरेखीखाली झाली. प्रतिनिधिगृहातले कृष्णवर्णीय सदस्य एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घेत होते. हरकतीवर किमान एका सिनेटरची सही असावी लागते, आणि शंभर सिनेटरांपैकी एकानंही सही केलेली नव्हती. गोर प्रत्येकाला तेच विचारत राहिले : हरकत लेखी आहे का, त्यावर सिनेटरची सही आहे का? नाही म्हटलं की हरकत बाद. एक सदस्या म्हणाल्या, सही नसली तरी मला त्याची पर्वा नाही. गोर यांनी सांगितलं, नियमांना आहे. ज्यांची हरकत मान्य झाली असती तर गोर यांचाच फायदा होता, त्यांना खाली बसवून गोर यांनी 271 विरुद्ध 266 हा स्वतःच्या पराभवाचा आकडा स्वतःच वाचून दाखवला.

त्यानंतरच्या सहा वर्षांत या देशात वॉरंटविना लोकांचे फोन ऐकले गेले आणि ग्वांटानामोत माणसं खटल्याविना डांबली गेली. नियम स्वतःच्या मुळावर येतो तेव्हाही तो पाळणारा माणूस व्हाइट हाउसमध्ये असणं किती मोलाचं, हे आम्हाला अशा रीतीनं कळलं. जानेवारी 2006 मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गोर यांनी याच फोन ऐकण्याविरुद्ध कडक भाषण केलं, तेव्हा त्यांच्याच पक्षाची बरीच मंडळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

दुसरं कारण इराक. 23 सप्टेंबर 2002 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गोर यांनी सांगितलं होतं की हे युद्ध अल कायदाविरुद्धच्या लढाईवरून देशाचं लक्ष उडवेल, 11 सप्टेंबरनंतर जगानं दिलेली सहानुभूती उधळून टाकेल आणि सद्दाम गेल्यावर पुढे काय, याची काही तयारी दिसत नाही. तो काळ ज्यांनी इथे काढला त्यांना आठवत असेल, असं बोलणाऱ्याला तेव्हा थेट देशद्रोह्यांच्या रांगेत बसवलं जाई. शिवाय युद्ध म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी गोर नाहीत. 1991 च्या आखाती युद्धाला सिनेटमधल्या अवघ्या दहा डेमोक्रॅट सदस्यांनी पाठिंबा दिला होता, त्यांत ते होते. व्हिएतनामलाही ते सैन्यातले पत्रकार म्हणून जाऊन आले आहेत. म्हणून त्यांच्या नकाराला वजन होतं. त्या भाषणानंतर तीन आठवड्यांच्या आत सिनेटनं 77 विरुद्ध 23 मतांनी बुश यांना युद्धाचा अधिकार देऊन टाकला. आज डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभे असलेले क्लिंटन, एडवर्ड्स, बायडन आणि डॉड हे चौघंही त्या 77 जणांत होते. तेव्हापासून 3,800 हून अधिक अमेरिकी सैनिक इराकमध्ये मारले गेले आहेत. मेलेल्या इराकी माणसांची तर धड मोजदादही नाही.

बराक ओबामा यांनीही 2002 मध्येच विरोध केला होता, हे त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तेव्हा ते इलिनॉयच्या विधिमंडळात होते आणि अमेरिकेच्या सिनेटमध्ये येऊन त्यांना अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. माणूस मोठा होणार, यात मला शंका नाही. मात्र जानेवारी 2009 मध्ये जो कुणी त्या खुर्चीत बसेल, त्याच्या पुढ्यात इराकमधून सैन्य माघारी आणण्याचं काम पहिल्याच सकाळी येऊन पडणार आहे. आठ वर्षं प्रतिनिधिगृहात, आठ सिनेटमध्ये आणि आठ उपराष्ट्राध्यक्षपदी काढलेला माणूस तयार असताना त्याला घरी बसू द्यावं, हे मला परवडणारं वाटत नाही.

आता हवामानाकडे येते. गेल्या वर्षी गोर यांचा ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’ हा चित्रपट मी एडिसनच्या थिएटरात पाहिला. पडद्यावर आलेख वर चढत जातो, इतका की त्याचं टोक दाखवायला गोर यंत्राच्या पाळण्यात उभे राहून वर जातात. कार्बन डायऑक्साइडचा असाच चढता आलेख त्यांना विद्यार्थी असताना हार्वर्डमध्ये प्राध्यापक रॉजर रेव्हेल यांनी दाखवला होता. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर 1958 मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 315 भाग होते. आज ते 380 च्या पुढे गेले आहेत. मग पडद्यावर अचानक मुंबईचं नाव आलं : जुलै 2005, चोवीस तासांत 37 इंच पाऊस. आमच्या रांगेत तीन-चार मराठी कुटुंबं होती, सगळी एकदम गप्प झाली. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा भाऊ त्या 26 जुलैला कुर्ल्याहून ठाण्यापर्यंत पाण्यातून चालत गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला त्याचा पत्ता नव्हता. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदवलेले 944 मिलिमीटर आम्हाला तोंडपाठ होते. ते आकडे अमेरिकेतल्या एका माणसाच्या जगाविषयीच्या काळजीत जाऊन बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

चित्रपटाला ऑस्कर मिळालं, आता नोबेल मिळालं. म्हणूनच अनेक शहाणी माणसं म्हणतात की गोर बाहेर राहूनच जास्त उपयोगी पडतील, त्यांना पुन्हा निवडणुकीच्या चिखलात कशाला ओढता? हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण क्योटोचं काय झालं, ते पाहा. डिसेंबर 1997 मध्ये गोर स्वतः क्योटोला गेले आणि अडलेल्या वाटाघाटी पुढे सरकल्या. त्याआधीच जुलैत सिनेटनं 95 विरुद्ध शून्य मतांनी ठराव करून ठेवला होता की विकसनशील देशांवर बंधन नसलेला किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला मोठी झळ पोहोचवणारा करार आम्ही मान्य करणार नाही. क्लिंटन सरकारनं करारावर सही केली, पण तो मंजुरीसाठी सिनेटपुढे कधी गेलाच नाही, आणि मार्च 2001 मध्ये बुश यांनी तो झटकून टाकला. उपराष्ट्राध्यक्षाच्या हातून जे झालं नाही, ते चित्रपटाच्या हातून होईल?

राष्ट्राध्यक्षाच्या हातून मात्र बरंच काही होऊ शकतं, आणि सिनेटकडे न जाताही. याच वर्षी 2 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं मॅसॅच्युसेट्सच्या खटल्यात निकाल दिला की कार्बन डायऑक्साइड हा स्वच्छ हवा कायद्याखाली प्रदूषकच ठरतो आणि पर्यावरण संरक्षण संस्थेला त्यावर नियम करण्याचा अधिकार आहे. या संस्थेचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतो. मोटारींच्या धुरावर आपले अधिक कडक नियम लावू द्या, असा कॅलिफोर्नियाचा अर्ज याच संस्थेकडे डिसेंबर 2005 पासून पडून आहे. साध्या होकाराचा प्रश्न आहे. मोटारी, वीजकेंद्रं, कारखाने या सगळ्यांची किल्ली आज कायद्यानं राष्ट्राध्यक्षाच्या खिशात आहे, आणि ती फिरवायला तिथे माणूस हवा. गोर यांचं या विषयावरचं पुस्तक 1992 मध्ये आलं, तेव्हा आजच्या उमेदवारांपैकी कितीजणांच्या भाषणात हवामानबदल हा शब्द तरी होता?

गोर यांची चूक झाली ती 2000 च्या प्रचारात. सल्लागारांचं ऐकून त्यांनी हाच विषय मागे ठेवला. तेव्हा त्यांच्या कपड्यांच्या रंगाची चर्चा झाली, इंटरनेटविषयीच्या एका वाक्याचा विपर्यास झाला, आणि ते अधिकच तोलूनमापून बोलू लागले. आपलं टेनेसी राज्यही त्यांनी गमावलं. तिथली 11 मतं मिळाली असती तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती. सॅन फ्रान्सिस्कोत आणि त्या चित्रपटात दिसलेले गोर वेगळे आहेत. हरल्यानंतर ते मोकळे झाले. पुन्हा उमेदवार झाले तर ते परत आखडतील, अशी भीती मलाही वाटते. तो धोका पत्करायला मी तयार आहे.

इतिहासात या प्रसंगाचे तीन दाखले आहेत. लोकांची मतं जास्त मिळूनही अँड्र्यू जॅक्सन 1824 मध्ये हरले, चार वर्षांनी उभे राहिले आणि जिंकले. ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचं 1888 मध्ये तेच झालं आणि 1892 मध्ये त्यांनी त्याच बेंजामिन हॅरिसनना हरवलं. तिसरे सॅम्युअल टिल्डन. 1876 ची निवडणूक एका आयोगानं त्यांच्या हातून काढून घेतली, 1880 मध्ये पक्षातले अनेक जण त्यांची वाट पाहत होते, आणि त्यांनी नकार कळवला. पुढे त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा वाचनालयासाठी ठेवला, त्यातूनच न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला बळ मिळालं. ते थोर काम झालं. पण दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि नव्यानं स्वतंत्र झालेल्या कृष्णवर्णीयांना वाऱ्यावर सोडलं गेलं, ते त्या निवडणुकीनंतरच्या 1877 च्या तडजोडीतून. निवडणुकीच्या निकालाची किंमत हरलेला उमेदवार एकटा मोजत नसतो, आणि गोर यांच्यासारख्या अभ्यासू माणसाला हे कुणी सांगायला नको.

उशीर झाला आहे, हे मान्य. क्लिंटन आणि ओबामा यांनी कोट्यवधी डॉलर जमवले आहेत, आयोवात त्यांची माणसं गावोगाव बसली आहेत. पण गोर यांना स्वतःची ओळख करून द्यावी लागणार नाही, आणि सह्यांची मोहीम चालवणारे स्वयंसेवक आधीच कामाला लागलेले आहेत. न्यू हॅम्पशायरमध्ये अर्ज भरण्याची मुदत 2 नोव्हेंबरला संपते. कॉन्कर्डला राज्य सचिवांच्या कार्यालयात एक फॉर्म आणि हजार डॉलर लागतात. आमच्या न्यू जर्सीत प्राथमिक निवडणुकीचं मतदान 5 फेब्रुवारीला आहे. गोर यांनी 10 डिसेंबरला ऑस्लोला पदक घ्यायला जावं ते उमेदवार म्हणून, आणि तिथून परतल्यावर सरळ आयोवा गाठावं.