पुढाऱ्याला विचारा : तू सोडलंस काय?

जिल्ह्याचा पुढारी ओळखावा कसा? आम्ही रोखठोक सांगतो : त्याने काय मिळवले ते मागाहून बघा, आधी काय सोडले ते विचारा!

क्रांतिसिंह नाना पाटील हे वाळवे तालुक्यातल्या शेतकऱ्याचे पोर. तलाठ्याची नोकरी म्हणजे खेड्यात केवढा रुबाब! १९३० च्या कायदेभंगात नानांनी ती लाथाडली. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. गावोगाव न्यायदान मंडळे बसली, दरोडेखोरांना चाप लागला, कर्ज काढून होणारी लग्ने थोडक्या खर्चात लागू लागली. स्वातंत्र्य आले, राज्य काँग्रेसचे झाले. नाना गेले ते शेतकरी कामगार पक्षात अन् पुढे कम्युनिस्ट पक्षात. पक्ष बदलले, पण सत्तेकडे पाठ करून! १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्याने आणि १९६७ साली बीडने त्यांना लोकसभेत धाडले. १९७६ साली नाना गेले. मंत्रिपदाची खुर्ची त्यांना कधी चिकटली नाही.

आणि आजचे आमचे जिल्हापुढारी? सोसायटी, बँक, कारखाना, झेडपी : पायरीगणिक पक्ष नवा!

मायबापहो, मत मागायला दारात येईल त्याला एवढेच पुसा : बाबा रे, तू सोडलंस काय?