पहिला डबा आपला जाऊ द्या

दसरा उलटला की चाळींतून आणि सरकारी वसाहतींतून फराळाची ताटे फिरू लागतात. विणलेल्या रुमालाखाली चकली, शंकरपाळे, दोन करंज्या, एक लाडू. ही ताटे आपल्या बौद्ध घरांतही येतात. आपण दिवाळी करीत नाही म्हणून कोणी प्रेमाने आणलेले ताट दारातून परत पाठवावे, असे आम्ही म्हणणार नाही. आणि ताट रिकामे परत द्यायचे नाही, ही तर महाराष्ट्रातल्या घराघरांतली रीत. मग आपल्याकडे धावपळ होते. कोणी वाटीभर साखर घालते, कोणी पोराला पिटाळून कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा आणवते, आणि ताट परत जाते.

या पुड्याबद्दल आज लिहायचे आहे. पुडा देण्यात वाईट काही नाही. पण तो का दिला, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. घाई होती म्हणून, की आपल्या हातचे ते खातील की नाही ही शंका होती म्हणून? कारखान्यातून आलेला बंद पुडा कोणाच्याही हातून कोणीही घेतो. घरी भाजलेली नानकटाई घेताना मात्र ती कोणाच्या हातची, हे माहीत असते. ती तोंडात टाकणारा माणूस त्या घराची चूल मान्य करतो. म्हणून आमचे सांगणे असे की, यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला प्रत्येक घरी काहीतरी गोड आपल्या हाताने करावे आणि ते मित्रांकडे, शेजारी, कचेरीत, मुलांच्या सवंगड्यांकडे पोचवावे. अशोक विजयादशमी दिवाळीच्या वीसेक दिवस आधी येते. तेव्हा परतफेडीची वाट कशाला पाहायची? पहिला डबा आपला जाऊ द्या.

एवढ्याशा खाऊला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. त्यांनी मागे वळून पाहावे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणारी ही सुशिक्षित मंडळी. सभेत येणाऱ्याची परीक्षा कोणती? तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. तोही गुप्तपणे. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला. पुण्याच्या विद्वानांची ही गत. आपल्या वाडवडिलांच्या हातचे खाण्याचा तर प्रश्नच तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

आपल्या वाट्याला आले होते ते फक्त घेणे. येसकराने दारोदार फिरून भाकरी मागायची, तीही शिळी, वरून टाकलेली. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि हे शिळे तुकडे टाकून देण्यास सांगितले, ते उगाच नव्हे. ज्याचा हात सदा पसरलेला, त्याच्या हातचे कोण खाणार?

देणे तर दूरच, आपल्याच माणसांना चांगले खाऊ घालण्याचीही मोकळीक नव्हती. ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या आपल्या १९३६ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिगत दिली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातभाईंना जेवण दिले. पानात तूप वाढले. तेवढ्यावरून गावातले सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना झोडपले. अस्पृश्यांनी तूप खायचे नाही, हा त्यांचा गुन्हा. नानकटाईसाठी तूप फेटायला बसाल तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

याच काळात उलट दिशेने चालणारी माणसेही होती. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज १९२२ साली गेले. त्याआधी त्यांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेतला आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. जात मोडायची तर भाषणाबरोबर कपबशीही उचलावी लागते, हे त्या राजाला कळले होते.

हे सारे जुने झाले, असे समजू नका. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित बाईंनी शिजवलेले माध्यान्ह भोजन सवर्ण मुलांनी नाकारल्याची बातमी देशभर गाजली. बाईंना आधी कामावरून काढले, ओरड झाल्यावर परत घेतले. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने हॉटेलातला वेगळा कप गुन्हा ठरवला. पण शेजाऱ्याने आपल्या घरची वडी खावी, असा कायदा करता येत नाही. ते काम माणसांनीच माणसांशी करायचे आहे.

यासाठी आपल्याला बाहेरून विचार उसना आणावा लागत नाही. दीघनिकायातले सिगालोवाद सुत्त पाहा. राजगृहाचा तरुण सिगाल रोज सहा दिशांना हात जोडत असे. भगवान बुद्धांनी त्याला या दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्यांत उत्तर दिशा म्हणजे मित्र. मित्रांशी पाच प्रकारे वागावे: त्यांना द्यावे, गोड बोलावे, त्यांच्या हिताचे करावे, त्यांना आपल्यासारखेच मानावे आणि दिलेला शब्द पाळावा. देणे पहिले आणि बरोबरी त्याच यादीत, हे ध्यानात घ्या. उपकार म्हणून दिलेले मैत्रीचे नसते आणि ओशाळून दिलेलेही नसते.

आता कृती. आम्ही हिशेबातली माणसे, तेव्हा मापे नीट देतो.

नानकटाईसाठी मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, बेसन आणि बारीक रवा दोन-दोन चमचे, खायचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, वेलचीची पूड. साजूक तूप परवडले तर उत्तम, नाहीतर वनस्पती तुपाचीही होते. तूप पातळ नको, थिजलेले घ्यावे. परातीत तूप आणि साखर हाताने पांढरे, हलके होईपर्यंत फेटावे. या कामाला दहा-बारा मिनिटे लागतात आणि ते घरातल्या पुरुषांनी करावे, मनगटात जोर असतो म्हणतात तो इथे दाखवावा. मग मैदा, बेसन, रवा आणि सोडा चाळून घालावे. कणकेसारखे मळू नये, नुसते गोळा करावे. मळले की नानकटाई दगड होते. अर्धा तास झाकून ठेवावे. मग सुपारीहून मोठे गोळे करून किंचित दाबावेत आणि वर एकेक चारोळी बसवावी. एवढ्यात पंचवीस-सव्वीस होतात.

भट्टी नसली तरी अडत नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून ठेवावी. तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरावे, पाणी अजिबात घालू नये. त्यावर एक कडे ठेवून झाकण लावावे आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे. मग तूप लावलेल्या ताटलीत सहा-सात गोळे अंतर सोडून मांडावेत, कारण ते पसरतात. मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे ठेवावे. खालची बाजू बदामी झाली की काढावे. गरम असताना मऊ लागते म्हणून कच्ची समजू नये, गार झाली की खुसखुशीत होते. चार घाणे काढायला दोन तास सहज लागतात. जास्त करायच्या असतील तर जुन्या पद्धतीप्रमाणे पीठ घेऊन बेकरीवर जावे. काही गावांतून बेकरीवाले अजून किलोवर पैसे घेऊन भाजून देतात. शाखेच्या चार-पाच घरांनी मिळून किलोभर मैद्याचे केले तर शंभर नानकटाया होतात.

लहान मुलांच्या मित्रांसाठी चिक्की. शेंगदाणे २५० ग्रॅम मंद भाजून, साले पाखडून अर्धे करावेत. २०० ग्रॅम चिक्कीचा गूळ चिरून, चमचाभर तुपात वितळवून सारखे हलवत राहावे. गार पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बोटाने दाबून पाहावा. लांबला तर पाक कच्चा, कट्‌कन मोडला तर झाला. लगेच दाणे घालून, तूप लावलेल्या पोळपाटावर ओतून, तूप लावलेल्या लाटण्याने पातळ लाटावे आणि गरम असतानाच सुरीने रेघा पाडाव्यात. पाकाचा चटका फार वाईट, तेव्हा या वेळी मुलांना ओट्यापासून लांब ठेवावे. वड्या मोडण्याचे आणि डबे भरण्याचे काम मात्र त्यांचे.

आता डबा कसा द्यायचा तेही सांगतो. कशाची नानकटाई, असे कोणी विचारले तर मुलाने मान वर करून सांगावे, आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची. वाढदिवसाची, बहिणीच्या निकालाची, अशी सबब सांगू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडले, हे दोन वाक्यांत सांगता येईल एवढी तयारी आईवडिलांनी करून घ्यावी. कोणी नको म्हटले तर लगेच मनाला लावून घेऊ नये. कोणाला साखरेचा आजार असतो, कोणाचा उपास असतो. कोणी अंड्याची शंका काढील, त्याला यात अंडे नाही असे सांगावे. पण दर वर्षी, दर वेळी, फक्त आपल्याच घरचे नको होत असेल, तर ते काय आहे हे आपल्याला कळते. तेव्हा भांडू नये आणि विनवणीही करू नये. डबा पुढच्या घरी न्यावा. मुलाने कारण विचारले तर खोटे सांगू नये. त्याला खरे सांगावे, आणि जे आवडीने खातात त्यांची नावेही सांगावीत, म्हणजे त्याच्या मनात सगळ्यांविषयी कडवटपणा राहणार नाही.

एक गोष्ट आपल्या माणसांनाही सांगायची आहे, ती कोणी रागावले तरी सांगणार. शेजारच्या सवर्णाकडे डबा गेला की आपल्याला धन्य वाटते. मातंगाच्या घरी गेला का? चर्मकाराच्या? सकाळी आपला जिना झाडणाऱ्या, गटार उपसणाऱ्या वाल्मिकी भावाच्या घरी गेला का? आणि त्याच्या घरचे आपल्याकडे येऊन आपण खाल्ले का? त्याच सिगालोवाद सुत्तात, आपल्यासाठी राबणाऱ्यांना नेहमी नसणाऱ्या चांगल्या पदार्थांतला वाटा द्यावा, असे भगवंतांनी सांगितले आहे. उरलेसुरले द्यावे, असे सांगितलेले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात कोणाचे खायचे आणि कोणाचे नाही याची छुपी यादी असेल, तर दुसऱ्याच्या यादीवर बोलण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

एका डब्याने जात मरेल, असा आमचा भ्रम नाही. नुसत्या सहभोजनाने जातीची भावना मरत नाही, त्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरचा विश्वास उडाला पाहिजे, हे बाबासाहेबांनी त्याच १९३६ च्या पुस्तकात बजावले आहे. लढाई तिथेच आहे आणि डब्याने ती चुकत नाही. पण आपल्या मुलाला वयाच्या आठव्या वर्षी, आपण देणारे आहोत, आपल्या घरचे चार लोक आवडीने खातात, हा अनुभव मिळाला तर तो पुढे कोणापुढे वाकणार नाही. आणि ज्या मित्राने आठव्या वर्षी त्याच्या डब्यातली चिक्की खाल्ली, त्याला पुढे कोणी काही शिकवू लागले तर तो निदान एकदा विचार करील.

तेव्हा या आठवड्यात मैदा, तूप, गूळ आणून ठेवा. डबे घासून उन्हात वाळवा. कोणाकोणाला द्यायचे त्यांची नावे मुलांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्या यादीत सगळ्या जातीधर्मांचे मित्र आहेत ना, हे एकदा पाहा. वंदना झाली की डबे घेऊन निघा.

नमो बुद्धाय! जय भीम!