ड्रॉवरमध्ये पिकत नाही, बॉस!

जून उजाडला की ऑफिसखालच्या गाडीवर जांभळं येतात. मग ग्रुपमधलं कुणीतरी अर्धवट लाल जांभळांचा पुडा घेऊन येतं आणि वर म्हणतं, 'ड्रॉवरमध्ये ठेवू, सोमवारपर्यंत पिकतील.' सॉरी बॉस, नाही पिकणार!

मी परभणीचा. आमच्याकडे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे पारावर बसलेला माणूससुद्धा शेतीवर लेक्चर देतो. मग मी का मागे राहू?

आंबा आढीत घातला की पिकतो. तोडल्यावरही तो इथिलीन वायू सोडत राहतो आणि आतल्या स्टार्चची साखर करत राहतो. जांभळाकडे असला साठा नाही. त्याची साखर झाडाकडूनच येते. देठ तुटला, की रेशन बंद! पुढे ते मऊ पडेल, आंबेल, पण गोड होणार नाही. परदेशातल्या ब्लॅकबेरीचंही हेच.

झाडावर मात्र त्याचा मस्त मेकओव्हर चालू असतो. आधी हिरवं, टणक, आत आम्ल आणि टॅनिन ठासून भरलेलं. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून जीभ कोरडी पडते. मग हिरवं हरितद्रव्य ओसरतं आणि अँथोसायनिन भरायला लागतं. फळ गुलाबी होतं, मग लालसर, शेवटी काळंभोर. तोवर साखर वाढते, आम्ल उतरतं, तुरटपणा कमी होतो आणि पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटत गेल्याने गर लुसलुशीत होतो. उरलेल्या तुरटपणाला चिमूटभर मीठ आहेच.

या अँथोसायनिनची एक गंमत. शर्टावर रस सांडला तर त्यावर लिंबू पिळा, डाग लाल दिसेल. साबण लावा, निळसर होईल. (शर्ट स्वतःचाच घ्या!)

आता खरी गोची. एका घडातली सगळी जांभळं एकाच दिवशी पिकत नाहीत. फक्त काळी हवी असतील तर त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढावं लागतं. आणि जांभळाची फांदी दगाबाज, काडकन मोडते. त्यात पूर्ण पिकलेलं फळ एक-दोन दिवसांतच नरम पडतं. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर हादरे खात मुंबईला आलं, तर त्याचा रसच व्हायचा. म्हणून तोडणारा एकदाच चढतो आणि काळी, लाल सगळी एकदम उतरवतो. तुमच्या पुड्यातली ती आंबट जांभळं म्हणजे त्याने न घेतलेली दुसरी रिस्क.

तेव्हा घेताना देठाजवळही लाल-हिरवं नाही ना, ते बघा. काळीभोर, टपोरी, निवडलेली मिळाली तर दहा रुपयांसाठी घासाघीस नको. कुणीतरी तुमच्यासाठी त्या फांदीवर दोनदा उभं राहिलेलं असतं.